पात्याआधी सांधा

लोणावळ्याच्या बाजारपेठेत गेल्या शनिवारी दोन कॉलेजची मुलं मिटता चाकू घेत होती. राजमाचीला निघाली होती, पाठीवर सॅक, बाहेर पावसाची धार लागलेली. दुकानदाराने लाल मुठीचा चाकू उघडला, वर्तमानपत्राचं पान हवेत धरलं आणि पात्याने त्याच्या सरसर पट्ट्या काढून दाखवल्या. मुलं खूश झाली. चाकूत करवत होती, कात्री होती, बूच काढायचा स्क्रू होता, काटा-चमचासुद्धा होता. पैसे दिले गेले आणि चाकू सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात गेला. पातं आणि मूठ जिथे एकत्र येतात तो सांधा मात्र या सगळ्या व्यवहारात कुणीही हलवून पाहिला नाही. दुकानदाराने नाही आणि मुलांनीही नाही.

पावसाळा सुरू झाला की या सदरात सामानाचा विषय निघतोच, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. बुटांचे तळवे झाले, रेनकोटच्या शिवणी झाल्या. चाकू राहिला होता. त्या कागदाच्या पट्ट्या पाहिल्यावर तो आणखी एक पावसाळा पुढे ढकलणं बरं वाटेना. धार गेली तर परत आणता येते. घरच्या निसण्यावर थोडा वेळ धीराने घासलं की कोणताही बऱ्यापैकी चाकू कागद कापायला लागतो. ढिला झालेला सांधा सहसा असा घरी बसून दुरुस्त होत नाही. तरीही गिऱ्हाईक धारेवर भाळतं आणि विकणाराही धारच दाखवतो.

माहिती थोडक्यात अशी. घडीचे चाकू रोमन काळातही होते. आज खिशात दिसणाऱ्या चाकूंची दोन मोठी घराणी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची आहेत. फ्रान्सच्या साव्हॉय भागात जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये लाकडी मुठीचा साधा चाकू घडवला. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सनरने १८९१ मध्ये सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या चाकूची नोंदणी केली. जगभर ‘स्विस चाकू’ म्हणून ओळखला जातो तो हाच. स्विस चाकूच्या नेहमीच्या लहान नमुन्यांत कुलूप नसतं. मुठीच्या पाठीतली पोलादी पट्टी पात्याच्या बुडाला दाबून धरते, एवढाच त्याचा आधार. ओपिनेलच्या चाकूला १९५५ पासून फिरती कडी आली. ती फिरवली की पातं जागेवर अडकतं. अलीकडच्या बऱ्याच चाकूंत मुठीच्या आत पत्र्याची एक पट्टी असते. पातं उघडलं की ती बाजूने सरकून त्याच्या मागे उभी राहते.

म्हणजे प्रत्येक घराण्याने डोकं लढवलं ते सांध्यावर. पात्याचा आकार शंभर वर्षांत फारसा बदललेला नाही.

सांधा तपासायला दुकानात दोन मिनिटंही लागत नाहीत. चाकू पूर्ण उघडायचा, मूठ एका हातात घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत पात्याची पाठ धरून ते डावी-उजवीकडे हलवायचं. बोटांना किंचितही डुलणं जाणवलं तर तो चाकू परत ठेवायचा, कारण हे डुलणं वापराने वाढतच जातं. मग सगळी बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला घेऊन पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हलकेच आपटायची. कुलूप असेल तर ते सुटता कामा नये. शेवटी चाकू मिटून उजेडाकडे धरायचा. दोन्ही बाजूंच्या पत्र्यांच्या बरोबर मधून पातं खाली गेलेलं दिसलं पाहिजे. एका बाजूला घासत असेल तर धार तिथेच मरते. धार आतल्या पट्टीवर टेकत असेल तर मिटताना दर वेळी तिथे दाता पडतो. हे सगळं केल्यानंतर हवा तेवढा कागद कापावा.

न तपासलेला सांधा काय करतो, हे उधेवाडीत, राजमाचीच्या पायथ्याच्या त्या वस्तीत, दोन पावसाळ्यांपूर्वी दिसलं. ओल्या कारवीच्या काठ्या फोडून चूल पेटवायची होती. शहरातून आलेल्या एका तरुणाने मिटता चाकू काठीच्या तोंडावर उभा केला आणि पात्याच्या पाठीवर दगडाने ठोकायला सुरुवात केली. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला कुलूप सुटलं, पातं मिटलं आणि मुठीवरच्या बोटांत रुतलं. जखम खोल नव्हती, पण रक्त पाहून सगळ्यांचे चेहरे उतरले. घरधनी शांतपणे पुढे झाले, कमरेच्या आकडीतला कोयता काढला आणि त्याच काठ्या उभ्या चिरून टाकल्या. ‘त्याला खिळ्यावर उभं केलंय, ह्याला खिळा नाय,’ एवढंच ते म्हणाले. मिटत्या चाकूचं सगळं बलाबल त्या वाक्यात आलं होतं.

कोयता, विळा, खुरपं यांच्या पात्याचं शेपूट थेट मुठीत गेलेलं असतं. ठोका, पिळा, उचकटा, सगळा जोर अखंड पोलादावर येतो. मिटत्या चाकूत तोच जोर पेन्सिलीहूनही बारीक अशा एका खिळ्यावर आणि एखाद्या पातळ पट्टीवर येतो. म्हणून त्याने फोडू नये, उचकटू नये, डब्याचं झाकण तर कधीच उघडू नये. चिरण्यासाठी मात्र त्याच्यासारखं दुसरं हत्यार नाही. विसापूरच्या पठारावर काकडी कापायला, मळवली स्टेशनवर उतरल्यावर सॅकचा तुटलेला पट्टा नीट करायला, चिकटपट्टी कापून कुणाच्या घोट्याला बांधायला तो हवाच. मिटला की धार झाकली जाते आणि तो निर्धास्तपणे खिशात जातो, हा गुण कोयत्याकडे नाही.

नागफणीच्या कड्यावर दोर लावून चढणाऱ्यांचा विचार वेगळा असतो आणि असायलाच हवा. माणसाच्या वजनाने ताणलेला दोर पातं जरासं टेकलं तरी तुटू शकतो. सैल दोर कापताना जेवढा जोर लागतो, त्याच्याहून अगदी थोड्या जोरात. कंबरपट्ट्याला लटकवलेला चाकू एका अंगठ्याने उघडणारा असेल तर त्याच्या पात्यावरचं बटण एखाद्या पट्ट्यात अडकून तो आपोआप उघडण्याची भीती असते. तिथे पातं लहान हवं, सांधा थोडा कडक हवा आणि मुठीला दोरी ओवायचं भोक हवं. पटकन उघडणं हा गुण बाजारात सगळ्यात मोठ्याने सांगितला जातो, पण कड्यावर तोच धोक्याचा ठरतो.

या पटकन उघडण्याचं आकर्षण जुनं आहे. रामपुरी चाकूचा खटका हिंदी चित्रपटांनी घराघरात पोचवला. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांची ती खरी कला होती. १९९० च्या दशकात तिथल्या सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यांवर बंदी आणली आणि धंदा आटला. शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्रांत मोडतो. घरकामाची आणि शेतीची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. शिवाय सणासुदीला किंवा निवडणुकीच्या आसपास महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली आदेश निघतात आणि त्यांत सुऱ्यांचाही उल्लेख असतो. डोंगरावर जाणाऱ्याने त्या काळात चाकू खिशात मिरवू नये, जेवणाच्या डब्याबरोबर सॅकच्या तळाशी ठेवावा.

आता पाऊस. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो मुख्यतः चार महिन्यांत पडतो. साध्या पोलादाचं पातं सुरेख धार घेतं, पण इथे एका रात्रीत तांबूस होतं. गंज न धरणारं पोलाद इथे जास्त उपयोगी, जरी त्याला धार लावायला हात दुखले तरी. लाकडी मुठीचं दुखणं निराळं. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि पात्याला आतच आवळून धरतं. ओपिनेलचे चाहते अशा वेळी मुठीचं बूड कठीण जागी ठोकून पातं बाहेर काढतात. मोठ्या पावसात ती युक्तीही थकते. आपल्याकडे सांध्यात खोबरेल सोडायची सवय आहे. पावसात ते चालून जातं. पण खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी खंडाळ्यात तोच सांधा चिकट होऊन बसतो. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब थंडीतही पातळ राहतो. फक्त फळ कापण्याआधी पातं पुसून घ्यावं.

खोबरेलाचा विषय निघाला की विळी आठवल्याशिवाय राहत नाही. मराठी घरातला सगळ्यात जास्त वापरला गेलेला मिटता चाकू म्हणजे मोडती विळी. लाकडी पाट, त्यावर उभं राहणारं वाकडं पातं, टोकाला नारळाची खवणी. काम झालं की पातं पाटावर आडवं. लहान मूल रांगायला लागलं की घरातली आजी पहिल्यांदा बघायची ते विळी आडवी आहे का. ‘विळी उभी ठेवू नये’ हा दंडक शकुन-अपशकुनाच्या भाषेत सांगितला जात असला, तरी त्यामागे रांगत्या मुलाचे गुडघे होते.

विळीची खरी करामत तिच्या सांध्यात आहे. तोही एकाच खिळ्यावर चालतो, मिटत्या चाकूसारखाच. तरी ती डुलत नाही, कारण चिरणारी बाई पाटावर एक पाय ठेवून किंवा त्यावर बसून अंगाचं सगळं वजन त्यावर टाकते. पातं स्थिर असतं, भाजी हलते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. चाकूत एक हात हत्याराला द्यावा लागतो, विळीत तो भाजीला मिळतो. म्हणूनच फणस विळीवर सोपा जातो आणि कोबी केसासारखा बारीक चिरला जातो. खिळा झिजला तर आठवडे बाजारात बसणारा लोहार खालून लोखंडाचा तुकडा लावून वरून दोन ठोके घालायचा आणि ती पुढची काही वर्षं चालायची.

आता गुडघे दुखतात म्हणून विळी ओट्यावर आली आहे. स्टीलच्या पत्र्याची, खाली रबरी चकत्या किंवा ओट्याच्या कडेला आवळायचा स्क्रू. वाकायला न लागणं ही मोठी सोय आहे आणि साठी ओलांडलेल्या बायकांना ती मिळालीच पाहिजे. पण अंगाचं वजन आता पाटावर येत नाही. आधी शरीर जे काम करत होतं ते सगळं त्या एका स्क्रूवर आणि पातळ पत्र्याच्या सांध्यावर आलं आहे. भोपळ्यावर जोर दिला की बहुतेक ओट्यावरच्या विळ्या मागे कलतात. घ्यायच्या आधी दुकानातल्याच टेबलाला ती आवळून, पात्याच्या पाठीवर तळहाताने रेटून बघावं. पत्रा दोन मिलिमीटरहून पातळ असेल आणि सांध्याला खिळ्याऐवजी आवळता येईल असा बोल्ट नसेल, तर चार पैसे जास्त देऊन दुसरी घ्यावी. बोल्ट असला की महिन्यातून एकदा पान्याने पाव फेरा आवळला तरी पुरतं.