प्रभारी कारभार हा अपवादच राहावा : वऱ्हाडातील विद्यापीठ शिक्षकांचे कुलपतींना निवेदन

प्रति,
मा. राज्यपाल, महाराष्ट्र राज्य
तथा कुलपती, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, अमरावती
आणि डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला
मलबार हिल, मुंबई

विषय : कुलगुरूपद व त्याच्याशी मुदतीने बांधलेली पदे वेळेत भरण्याबाबत, तसेच प्रभारी काळातील कामकाजासाठी लेखी नियम करण्याबाबत.

महोदय,

आम्ही अमरावती व अकोला येथील विद्यापीठ विभागांत आणि संलग्न महाविद्यालयांत शिकवणारे शिक्षक हे निवेदन आपल्यापुढे सादर करीत आहोत. आमची तक्रार आजी, माजी किंवा प्रभारी अशा कोणत्याही कुलगुरूंविरुद्ध नाही. ज्यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार आला, त्यांनी तो आपले मूळ काम सांभाळून वाहिला, याची आम्हाला जाणीव आहे. आमचे म्हणणे व्यवस्थेविषयी आहे. दोन वर्षांच्या आत एकाच विद्यापीठाची खुर्ची दोनदा रिकामी होते आणि दोन्ही वेळा बाहेरच्या विद्यापीठाच्या कुलगुरूंना बोलवावे लागते, तेव्हा तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

1 मे 1983 रोजी स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशिम व यवतमाळ हे पाच जिल्हे येतात. 2021 मध्ये डॉ. मुरलीधर चांदेकर यांची मुदत संपली, तेव्हा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. विलास भाले यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार देण्यात आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डॉ. दिलीप मालखेडे यांची नियमित नियुक्ती झाली. जानेवारी 2023 मध्ये पदावर असतानाच त्यांचे दुःखद निधन झाले. त्यानंतर छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. प्रमोद येवले यांनी कार्यभार पाहिला. नोव्हेंबर 2023 मध्ये डॉ. मिलिंद बारहाते रुजू झाले, तोपर्यंत सुमारे दहा महिने विद्यापीठाला पूर्णवेळ कुलगुरू नव्हते.

या दोन प्रसंगांत मूलभूत फरक आहे. 2021 ची तारीख पाच वर्षे आधीच ठाऊक होती. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 नुसार पद रिकामे होण्याच्या किमान सहा महिने आधी नावांची यादी तयार करण्याची प्रक्रिया सुरू व्हायला हवी. ते दिवस कोविडचे होते, हे आम्ही विसरलेलो नाही. तरी वेळापत्रक आधीपासून जाहीर असते, तर प्रक्रिया नेमकी कुठे अडली हे तरी सर्वांना कळले असते. 2023 चा प्रसंग अकस्मात होता. सहा महिन्यांची अट अशा वेळी उपयोगी पडत नाही. तेव्हा कायदा एकूण बारा महिन्यांपर्यंत प्रभारी नेमण्याची मुभा देतो. म्हणजे दहा महिन्यांचा तो काळ कायद्याच्या चौकटीतच बसतो. आमची काळजी नेमकी इथेच आहे : कोणताही नियम न मोडता विद्यापीठाचे जवळजवळ एक शैक्षणिक वर्ष प्रभारी अवस्थेत जाऊ शकते.

त्यात कायद्यातली आणखी एक तरतूद भर घालते. प्र-कुलगुरूंची मुदत कुलगुरूंच्या मुदतीशी जोडलेली आहे. 1994 च्या कायद्यात निवडून येणारे अधिष्ठाता आता नियुक्त केले जातात आणि त्यांचीही मुदत कुलगुरूंच्या मुदतीबरोबरच संपते. एक खुर्ची रिकामी झाली की विद्यापीठ ज्यांना तोंडपाठ आहे, अशी माणसे एकाच वेळी पदावरून उतरतात. येणाऱ्या प्रभारींना फाइल समजावून सांगायलाही हक्काचे कोणी उरत नाही.

कुलगुरू हे व्यवस्थापन परिषद आणि विद्या परिषद या दोहोंचे अध्यक्ष असतात. शिक्षक निवड समिती, मार्गदर्शक मान्यता, पीएच.डी.ची मौखिकी, स्थाननिश्चिती ही सगळी कामे शेवटी त्यांच्या स्वाक्षरीशी येऊन थांबतात. स्वतःचे विद्यापीठ तीनशे किलोमीटरहून दूर असलेल्या व्यक्तीकडून रोजच्या उपस्थितीची अपेक्षा धरणे त्यांच्यावरही अन्यायाचे आहे. शिवाय धोरणात्मक निर्णय प्रभारींनी घ्यावेत की टाळावेत, याबद्दल स्पष्ट लेखी मर्यादा नसल्यामुळे सावध माणूस ते टाळतो. 2023-24 पासून पदव्युत्तर स्तरावर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू करायचे होते. श्रेयांक, विषयांच्या जोड्या आणि कार्यभार यांचे निर्णय नेमके त्याच काळात व्हायचे होते. असे निर्णय लांबले की धारणी किंवा मूर्तिजापूरच्या विद्यार्थ्याला त्याची झळ प्रवेशाच्या वेळी बसते आणि तासिका तत्त्वावरील सहकाऱ्याला नेमणुकीच्या वेळी.

कुलगुरू निवडीत अखेरचा शब्द कोणाचा, यावरून डिसेंबर 2021 मध्ये विधेयक मंजूर झाले आणि पुढे सरकार बदलल्यावर ते मागे घेण्यात आले. शेजारच्या नागपूर विद्यापीठात 2024 मध्ये कुलगुरूंचे निलंबन झाले, ते प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तिथेही अतिरिक्त कार्यभाराची वेळ आली. या वादांत आम्ही कोणतीही बाजू घेत नाही. अधिकार कोणाकडेही असोत, ते वेळेत वापरले जावेत, एवढाच आमचा आग्रह आहे.

म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

1. दोन्ही विद्यापीठांच्या कुलगुरूंची मुदत संपण्याच्या नऊ महिने आधी निवड प्रक्रियेचे टप्पे तारखांसह जाहीर करावेत. एखादा टप्पा चुकल्यास त्याचे कारणही जाहीर करावे.

2. अमरावती विद्यापीठातील पद अकस्मात रिकामे झाल्यास, शोध समितीवरील सदस्य सुचवण्यासाठी व्यवस्थापन परिषद व विद्या परिषद यांची संयुक्त बैठक पंधरा दिवसांत बोलवावी आणि चार महिन्यांत नियमित नियुक्ती व्हावी.

3. प्रभारी कार्यभार शक्यतो त्याच विद्यापीठातील ज्येष्ठ प्राध्यापकांकडे द्यावा. बाहेरच्या कुलगुरूंकडे द्यावा लागल्यास मुख्यालयातील उपस्थितीचे दिवस आदेशातच नमूद करावेत. कृषी आणि अकृषी विद्यापीठांचा कार्यभार एकाच व्यक्तीकडे देऊ नये.

4. प्रभारी काळात कोणते निर्णय घ्यायचे आणि कोणते राखून ठेवायचे, याचा लेखी आदेश काढावा. स्थाननिश्चिती, मार्गदर्शक मान्यता, मौखिकी आणि निकाल यांना कोणत्याही कारणाने स्थगिती नसावी.

5. नवे प्र-कुलगुरू व अधिष्ठाता रुजू होईपर्यंत, कमाल तीन महिने, आधीच्या पदाधिकाऱ्यांनी काम पाहावे, अशी कायदादुरुस्ती राज्य शासनास सुचवावी.

6. कुलसचिव, परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक, वित्त व लेखा अधिकारी या पदांच्या जाहिराती मुदत संपण्याच्या सहा महिने आधी निघाव्यात.

7. कुलगुरूंच्या तातडीच्या अधिकारात झालेला प्रत्येक निर्णय कारणासह संबंधित प्राधिकरणाच्या पुढच्याच बैठकीत मांडावा. बैठकांचे इतिवृत्त पंधरा दिवसांत संकेतस्थळावर ठेवावे.

8. अधिसभेच्या निवडणुका 2022 मध्ये झाल्या. पाच वर्षांची मुदत लक्षात घेऊन पुढील निवडणुकांचे वेळापत्रक आधीच जाहीर करावे. मुंबई विद्यापीठात पदवीधर गटाची निवडणूक ऑगस्ट 2023 मध्ये स्थगित झाली आणि मतदान सप्टेंबर 2024 मध्ये झाले. वऱ्हाडात तसे होऊ नये.

शिक्षकांनी आपला आवाज ऐकवण्यासाठी परीक्षेचे काम थांबवल्याची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. 2013 मध्ये फेब्रुवारी ते मे चाललेला राज्यव्यापी बहिष्कार अमरावती आणि अकोल्याच्या महाविद्यालयांना चांगला आठवतो. मागण्या रास्त असूनही त्याची पहिली किंमत विद्यार्थ्यांनी मोजली. या निवेदनासाठी आम्ही तो मार्ग धरणार नाही. अध्यापन, पेपर तपासणी आणि मूल्यांकन केंद्रांवरील काम वेळेत पूर्ण करू. अधिसभा, विद्या परिषद व अभ्यास मंडळांवरील आमचे प्रतिनिधी बैठकांना तयारीनिशी हजर राहतील आणि गणपूर्तीअभावी बैठक तहकूब होऊ देणार नाहीत. वेळ पाळण्याची जी अट आम्ही शासनाला घालतो, ती आम्हालाही लागू आहे.

आपण आमच्या शिष्टमंडळाला एका महिन्याच्या आत भेटीची वेळ द्यावी आणि मागण्यांवर मुद्देनिहाय लेखी उत्तर द्यावे, ही विनंती. यांतील मागणी क्रमांक 5 वगळता एकीलाही कायदा बदलण्याची गरज नाही; आपल्या कार्यालयाचे परिपत्रक पुरेसे आहे. उत्तर न आल्यास हे मुद्दे अधिसभेच्या पुढील बैठकीत ठराव म्हणून मांडले जातील.

आपले विश्वासू,
अमरावती व अकोला येथील विद्यापीठ आणि महाविद्यालयीन शिक्षक

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
1. मा. मंत्री, उच्च व तंत्र शिक्षण, महाराष्ट्र राज्य
2. मा. मंत्री, कृषी, तथा प्रति-कुलपती, कृषी विद्यापीठे
3. मा. कुलगुरू, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ
4. मा. कुलगुरू, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला