आधी सातबारा वाचा, मग मुलाखतीला जा

आपल्याकडे मुलगा इंजिनिअर झाला की घरच्यांना वाटते, घोडे गंगेत न्हाले. खरी कसोटी त्यानंतरच सुरू होते. वेळणेश्वरला २०१२ पासून महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्यामुळे शिकायला गाव सोडलेच पाहिजे असे आता राहिले नाही. नोकरीला मात्र पुणे, मुंबई नाही तर बंगळूरच गाठावे लागते. फी भरण्यासाठी कलमांची बाग दोन-तीन वर्षांच्या कराराने देणारे पालक आपल्या भागात आहेत. अशा घरचा मुलगा मुलाखतीत दोन-तीनदा गळला की नुसता त्याचा हिरमोड होत नाही, सगळ्या घराचा हिशेब बिघडतो.

हल्ली मुलांच्या तोंडी 'डेटा इंजिनिअर' हा शब्द फार ऐकू येतो. ज्या वाचकांना तो नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बँक असो, विमा कंपनी असो की सरकारी खाते, माहिती दहा ठिकाणांहून येते; कुठे अर्धवट, कुठे दुबार, कुठे चुकीची. ती रोजच्या रोज गोळा करायची, निवडून-पाखडून एका कोठारात नीट लावायची, म्हणजे वरच्या माणसाला बिनचूक हिशेब मिळतो. हे काम करणारा तो डेटा इंजिनिअर. त्याच्या मुलाखतीत बहुतेक ठिकाणी एसक्यूएल लिहायला देतात, पायथनमध्ये छोटा प्रोग्राम करायला सांगतात आणि माहिती इकडून तिकडे कशी नेशील याचा आराखडा मांडायला लावतात.

मी शेतकी पदविकेचा माणूस, संगणकाचा इंजिनिअर नव्हे. पण शेतकऱ्यांच्या याद्या, क्षेत्र, पीक, पाऊस यांच्या नोंदी हेच माझे रोजचे काम. शिवाय इकडची मुले मुलाखत देऊन आली की तिथे काय विचारले ते मी आवर्जून विचारतो. त्यावरून माझे मत असे झाले आहे की ही पोरं उलट्या टोकाने तयारी करतात. स्पार्क, काफ्का, एअरफ्लो अशी अवजारांची नावे आणि शंभर प्रश्नांची तयार उत्तरे पाठ करतात. समोरचा मात्र विचारतो, 'माहिती खराब आली तर काय करशील?' तिथे गाडी अडते. पोराला वाटतं, आपण खराब माहिती कधी बघितलीच नाही. अरे, बघितली नाहीस कशी? घरच्या ट्रंकेत सातबारा पडलाय ना!

गावचे दप्तर हीच शाळा

१९७० साली आयबीएमच्या एडगर कॉड या संशोधकाने माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत मांडून ते तक्ते एकमेकांशी जोडण्याची पद्धत जगापुढे ठेवली. आजचे एसक्यूएल तिच्यावरच उभे आहे. आपल्या तलाठी दप्तरात तक्ते वेगळे ठेवून क्रमांकाने जोडायची रीत त्याच्याही आधीपासून आहे. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार. जो बदल झाला तो तारखेनिशी, क्रमाने इथे उतरतो. नमुना ७ म्हणजे आज जमीन कोणाच्या नावावर आहे ते. नमुना १२ म्हणजे कोणत्या हंगामात काय पीक होते ते. आणि ८अ म्हणजे एका खातेदाराची गावातली सगळी जमीन एकत्र. मुलाखतीत ज्याला 'ग्रुप बाय' म्हणतात तेच हे.

जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर खातेदार मयत झाला की त्याचे नाव खोडून टाकत नसत. नावाला कंस करून खाली वारसांची नावे आणि फेरफार क्रमांक लिहीत. जुने पुसायचे नाही, नवे जोडायचे आणि बदल कधी व कशामुळे झाला ते ठेवायचे. मुलाखतीत 'स्लोली चेंजिंग डायमेन्शन, टाइप टू' असा मोठा प्रश्न येतो, त्याचे उत्तर हा कंसच आहे. आजोबांच्या सातबाऱ्यावरून हे समजावून सांगणारा मुलगा घोकून आलेल्या दहा जणांत उठून दिसेल.

कुठे फसगत होते

आता अडचणीच्या जागा बघू. सर्व्हे नंबर ४५ वेळणेश्वरात असेल, हेदवीतही असेल. नुसत्या सर्व्हे नंबरावर दोन तक्ते जोडले तर एकाच्या बांधावर दुसऱ्याची कलमे उभी राहतील. गाव, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर मिळून ओळख पक्की होते. हिस्सा '१२/३' असा लिहिला की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. क्षेत्र '०.४५.५०' म्हणजे शून्य हेक्टर, पंचेचाळीस आर, पन्नास चौरस मीटर. दोन टिंबांचा असा आकडा संगणक संख्या म्हणून घेतच नाही. म्हणून हे रकाने आधी मजकूर म्हणून घ्यायचे आणि मग फोडायचे.

कोकणात एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस नावे, त्यातली निम्मी मुंबईला. एक हेक्टरचा हिस्सा आणि वीस खातेदार हे दोन तक्ते जोडले की वीस ओळी होतात. प्रत्येक ओळीत एक हेक्टर धरून बेरीज केली की वीस हेक्टर! अशाने गावाचे क्षेत्र तालुक्यापेक्षा मोठे व्हायचे. हा प्रश्न वेगळ्या कपड्यांत मुलाखतीत हटकून येतो. तिथे सातबाऱ्याऐवजी ऑर्डर आणि ग्राहक असतात, एवढाच फरक.

पावसाचेही तसेच. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा धरतात, मध्यरात्रीपासून नव्हे. त्या दिवशी पाऊस शून्य पडला आणि त्या दिवशीची नोंदच नाही, या दोन गोष्टी वेगळ्या. आंबा-काजूचा फळपीक विमा हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरतो, तेव्हा रिकामी जागा कोणी शून्याने भरली तर अवकाळी पावसाची भरपाईच बुडायची. एसक्यूएलमध्ये 'नल' आणि शून्य यांतला फरक विचारतात तो उगीच नाही.

दोनदा काम चालले तर काय, हाही एक हमखास प्रश्न. पीएम-किसानचा हप्ता दोन हजारांचा. समजा, यादी चढवताना मध्येच वीज गेली आणि काम पुन्हा पहिल्यापासून चालवले, तर आधी चढलेल्यांच्या नावावर चार हजार लागता कामा नयेत. कितीही वेळा चालवले तरी निकाल तोच यावा, अशी बांधणी लागते.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा गळतीचा. एका बाजूला गावचे सगळे खातेदार, दुसऱ्या बाजूला ई-पीक पाहणीत नोंद असलेले. 'इनर जॉइन' केला की नोंद नसलेला खातेदार यादीतून गुपचूप नाहीसा होतो. कोणी ओरडत नाही, संगणक चूक दाखवत नाही. 'लेफ्ट जॉइन' केला तर तो दिसतो आणि त्याच्या नावापुढची रिकामी जागाही दिसते. ई-पीक पाहणी २०२१ पासून आली, शेतकरी ओळख क्रमांक कृषी योजनांना २०२५ पासून सक्तीचा झाला. आधारवर एक नाव, बँकेत दुसरे, सातबाऱ्यावर तिसरेच, अशी माणसे घरोघर आहेत. पुढे कुठल्या तरी कार्यालयात बसून या याद्या जोडणारा आपल्याच भागातला मुलगा असेल. त्याने कोणता जॉइन लावला यावर एखाद्या म्हातारीचा हप्ता अडकेल किंवा सुटेल.

तयारी कशी करावी

माझे सांगणे असे. कागदावर एक खोटे गाव वसवा. दोनशे खातेदार, तीनशे हिस्से, पाच वर्षांचे फेरफार, दोन हंगामांची पिके. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे खरे आधार किंवा बँक क्रमांक यासाठी अजिबात वापरू नका. ते त्यांचे खासगी आहे. मग त्यात मुद्दाम घाण घाला: दुबार नावे, चुकीच्या तारखा, रिकामे रकाने, गुंठे आणि आर यांची सरमिसळ. पोस्टग्रेस आणि पायथन दोन्ही फुकट मिळतात आणि एवढ्या कामाला साधा संगणक पुरतो. ती माहिती स्वच्छ करून कोठारात लावा. प्रत्येक हिश्शाचा शेवटचा फेरफार कोणता, हे 'रो नंबर' वापरून काढा. काम मध्येच तोडून पुन्हा चालवून बघा.

स्पार्क शिकायचे की नाही? शिका, पण ते कधी लागत नाही हेही सांगता आले पाहिजे. दोन गुंठ्यांच्या वाफ्याला कोणी ट्रॅक्टर लावत नाही. माहिती एका यंत्रात मावत नाही तिथे स्पार्कचे काम. हे उत्तर देणारा मुलगा समोरच्याला शहाणा वाटतो.

दुसरे, बोलण्याची सवय. येत असून सांगता येत नाही, ही आपल्या मुलांची जुनी दुखणी. आधी आईला कळेल अशा मराठीत सांगा, मग तेच इंग्रजीत मोठ्याने म्हणा. कागदावर तक्ता काढून बोला. न केलेले काम अर्जात लिहू नका. दुसऱ्या प्रश्नालाच उघडे पडते. ऑनलाइन मुलाखत पावसाळ्यात असेल तर वीज आणि रेंज यांची सोय आदल्या दिवशी बघून ठेवा. गरज पडली तर गुहागर-चिपळूणला ओळखीच्या घरी जाऊन बसा.

एक सूचना मोठ्यांसाठीही आहे. महाविद्यालये, महसूल आणि कृषी खात्याने मिळून नावे व क्रमांक काढून टाकलेल्या नोंदी मुलांना सरावासाठी द्याव्यात. मुलांना खरे काम कळेल आणि याद्यांतल्या चुकाही कोणाच्या तरी नजरेस येतील. यात खर्च फारसा नाही, इच्छा हवी.

आपला बागायतदार वाशीला किती पेट्या गाडीत चढवल्या ते वहीत लिहून ठेवतो आणि दलालाची पट्टी आली की आकडा पडताळतो. चढल्या शंभर आणि पट्टी अठ्ठ्याण्णवची आली, तर उरलेल्या दोन कुठे गेल्या हे तो विचारल्याशिवाय राहत नाही. मुलांनो, मुलाखतीत कोणताही आराखडा मांडलात तरी शेवटी एवढे जरूर सांगा, की आत किती ओळी आल्या, बाहेर किती गेल्या आणि राहिलेल्या कुठे आहेत हे मी रोज मोजीन. नोकरी देणाऱ्याला असा माणूस हवा असतो, आणि आपल्या शेतकऱ्यालाही.