शेजारची आग आणि घरची चूल

देवासच्या एका वाचक भगिनींचे पत्र आमच्यासमोर आहे. चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळुरूस, कन्या पुण्यास दिलेली. घरी त्या आणि त्यांचे यजमान असे दोघेच. गेल्या दिवाळीत मुलाने नवा संगणक घेऊन दिला. त्यावर नातवंडांचे दर्शन घडते, विजेचे बिल भरले जाते, पेन्शन जमा झाली की नाही तेही कळते. आता दुकानदार म्हणतो, संगणकात मुळातच असलेली फायरवॉल केवळ नावापुरती आहे, वेगळी विकत घ्या. मुलगा फोनवरून म्हणतो, "आई, काही गरज नाही." भगिनींनी विचारले आहे, "दोघांपैकी खरे कोणाचे मानावे?"

आम्ही पडलो मराठीचे एम. ए. आणि पेशाने सरकारी शाळेचे मुख्याध्यापक. या विषयात अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा वकूब नाही. परंतु परीक्षेचे अर्ज, शिष्यवृत्त्या, पगारपत्रके असे शाळेचे सारे कारभार संगणकावर गेल्यापासून मुख्याध्यापकास हे शास्त्र थोडेबहुत शिकावेच लागले. शिवाय हाच प्रश्न आम्हांस पूर्वी एकदा विचारला गेला होता. त्याचे उत्तर आम्ही दिले, ते चुकीचे नव्हते. पण अर्धे होते. त्या अर्ध्या उत्तराची किंमत आमच्या एका जिवलग सहकाऱ्यास मोजावी लागली. म्हणून या वेळी पूर्ण उत्तर देण्याचा हा प्रयत्न.

प्रथम शब्दाकडे वळू. फायरवॉल हा शब्द संगणकवाल्यांनी बांधकामाच्या व्यवसायातून उचलला आहे. एकमेकांस लागून असलेल्या दोन घरांपैकी एकाची आग दुसऱ्यात शिरू नये म्हणून मध्ये जी न जळणारी जाड भिंत घालतात, ती फायरवॉल. आम्हां इंदूरकरांस तिचे मोल निराळे सांगावयास नको. आमच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी. १९८४ साली तो जळाला तेव्हा आम्ही शाळकरी होतो. दर्शनी भाग उभा राहिला आणि मागील बाजूची फार मोठी हानी झाली. दगड आगीस दाद देत नाही, लाकूड देते, हा धडा आमच्या पिढीने पुस्तकातून नव्हे, डोळ्यांनी घेतला.

संगणकातील भिंतही असेच काम करते. इंटरनेटला जोडलेल्या संगणकास शेकडो, हजारो दारे असतात असे समजावे. त्यांस पोर्ट म्हणतात. बाहेरचे लोक, आणि लोकांपेक्षाही त्यांनी सोडलेले आपोआप फिरणारे प्रोग्राम, रात्रंदिवस ही दारे ठोठावीत असतात. फायरवॉलचा नियम सरळ आहे. आपण ज्यास हाक मारली त्याचे उत्तर आत येऊ द्यावे. न बोलाविता आलेल्यास उंबऱ्याबाहेरच थांबवावे.

हा पहारा नसेल तर काय होते, ते २००३ साली जगाने पाहिले. मायक्रोसॉफ्टची विंडोज एक्सपी २००१ च्या ऑक्टोबरात बाजारात आली. तिच्यात फायरवॉल होती, परंतु ती बहुधा बंद ठेवलेली असे. ज्याने त्याने शोधून सुरू करावयाची. साहजिकच ती कोणी केली नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा एक उपद्रवी प्रोग्राम निघाला. त्यासाठी कोणतेही पत्र उघडावे लागत नसे, कशावर बोट दाबावे लागत नसे. संगणक इंटरनेटला नुसता जोडलेला असला तरी पुरे. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई आणि यंत्र आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होई. ज्या खिंडाराचा त्याने लाभ घेतला, ते बुजविण्याची दुरुस्ती कंपनीने जुलैमध्येच दिली होती. पण ती घेणारे थोडे. पुढे २००४ च्या ऑगस्टमध्ये एक्सपीची दुसरी मोठी सुधारित आवृत्ती आली, तेव्हापासून विंडोजमधील फायरवॉल आरंभापासूनच चालू स्थितीत मिळू लागली. आज आपल्या घरी येणाऱ्या संगणकातील भिंत ही त्या अनुभवातून उभी राहिलेली आहे. तीस नावापुरती म्हणणे हा तिच्यावर अन्याय होय.

तात्पर्य, विचारलेल्या प्रश्नापुरते चिरंजीवांचेच म्हणणे खरे. बाहेरून येणारा अनाहूत पाहुणा अडविण्यास घरगुती उपयोगासाठी अंगभूत फायरवॉल पुरेशी आहे. शिवाय घरात इंटरनेट आणणारी जी छोटी पेटी असते, जिला राऊटर म्हणतात, तीदेखील बहुधा बाहेरच्या अनाहूतास थेट संगणकापर्यंत पोहोचू देत नाही. म्हणजे वाड्यास आधीच अंगणाची भिंत आहे आणि माजघराचीही आहे.

दुकानदाराचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. तो म्हणतो, अंगभूत फायरवॉल आत येणाऱ्यास अडविते, परंतु बाहेर जाणाऱ्यास सहसा विचारीत नाही. हे सत्य आहे. विकत मिळणाऱ्या काही फायरवॉल घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकास हटकतात आणि मालकास विचारतात, "यास जाऊ द्यावे काय?" ऐकावयास हे छान वाटते. परंतु दिवसातून वीस वेळा असा प्रश्न आला की एकविसाव्या वेळी गृहस्थ न वाचताच 'होय' म्हणून मोकळा होतो. ज्या पहारेकऱ्यास मालक कंटाळला, त्याचा पहारा संपला. तेव्हा जाणकारास त्याचा उपयोग असेल. देवासच्या घरी तो त्रासच अधिक देईल.

येथे एक भेद ध्यानी ठेवावा. विषाणू ओळखून काढणारा प्रोग्राम, ज्यास अँटिव्हायरस म्हणतात, तो निराळा, फायरवॉल निराळी. भिंत दार राखते, हा घरात आलेले सामान तपासतो. पुण्याच्या काटकर बंधूंनी यंत्रदुरुस्तीच्या एका लहान दुकानापासून आरंभ करून क्विक हील हा असा प्रोग्राम देशभर पोहोचविला, हे आपणा मराठी माणसांस अभिमानास्पदच आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये असा तपासनीसही अंगभूत मिळतो. कोणी वेगळा संच विकत घेतलाच, तर बहुधा तोच फायरवॉलचेही काम आपल्या हाती घेतो. त्याची मुदत संपली की पहाऱ्यावर कोण उभे आहे, ते मात्र पाहून घ्यावे.

इथवर जे लिहिले, तेवढेच आम्ही त्या सहकाऱ्यास सांगितले होते. तेच आमचे अर्धे उत्तर.

ते आमच्याच शाळेत गणित शिकवीत. निवृत्त होऊन लोकमान्य नगरात राहतात; मुलगा आणि सून पुण्यास. एका संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी चहास गेलो असता त्यांनी संगणक दाखवून हाच प्रश्न विचारला. आम्ही आत जाऊन पाहिले. फायरवॉल चालू होती, हिरवी खूण दिसत होती. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "मास्तर, निश्चिंत असा. भिंत पक्की आहे."

त्यानंतर चार महिन्यांनी ते एकदा वर्तमानपत्र वाचीत असता संगणकाचा सारा पडदा लाल झाला. कर्कश घंटा वाजू लागली. पडद्यावर लिहिले होते की आपल्या संगणकाची फायरवॉल तुटली आहे, ताबडतोब खालील क्रमांकावर फोन करा. मास्तरांनी केला. पलीकडून अत्यंत अदबशीर हिंदीत कोणी म्हणाला, "चाचाजी, घबराइए मत, हम हैं ना." त्याने एक लहानसा प्रोग्राम उतरवून घेण्यास सांगितले, 'तपासणीसाठी' म्हणून. मास्तरांनी घेतला. त्याने आकडे विचारले, ते वाचून दाखविले. आता तो गृहस्थ कुठेतरी दूर बसून मास्तरांचा पडदा पाहत होता आणि त्यांच्या संगणकाचे बाण फिरवीत होता. मग तपासणीचे चारशे नव्व्याण्णव रुपये परत करावयाचे आहेत, तेव्हा बँकेचे खाते उघडा, असे सांगणे झाले. मोबाइलवर जो गुप्त क्रमांक आला, तोही मास्तरांनी सांगितला. तासाभरात तीन लाख ऐंशी हजार रुपये गेले.

आणि या सर्व काळात फायरवॉल चालू होती. हिरवी खूण तशीच होती. तिने आपले काम चोख केले. कारण तो प्रोग्राम मालकाने स्वहस्ते आत घेतला होता, आणि तो स्वतःच आतून बाहेर हाक मारीत होता. मालकाने मारलेली हाक समजून भिंतीने त्यास वाट दिली. पडद्यावरील लाल इशाराही खोटा होता. तुटले काहीच नव्हते. ते एक वेबपान होते, जे बंद केले असते तर प्रकरण तेथेच संपते.

परंतु आम्हांस सर्वांत अधिक बोचते ते पुढचे. मास्तरांनी चार दिवस कोणासही सांगितले नाही. पत्नीस नाही, मुलास नाही, आम्हांस नाही. ज्याने चाळीस वर्षे मुलांस हिशेब शिकविला, त्याने स्वतःचा हिशेब असा चुकवावा, याची त्यांस लाज वाटली. सुनेच्या ध्यानी आले तेव्हा पैसे अनेक खात्यांतून फिरून नाहीसे झाले होते.

येथे कायद्याची बाजूही प्रत्येक घराने जाणून घ्यावी. ६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून जबाबदारीची वाटणी केली. बँकेचा किंवा ग्राहकाचा दोष नसून व्यवस्थेत अन्यत्र कोठे छिद्र पडले आणि ग्राहकाने कामकाजाच्या तीन दिवसांत कळविले, तर त्याच्यावर भार नाही. पण ग्राहकाने स्वतःच गुप्त क्रमांक दिला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे सारे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे भिंत फुटली तर एक न्याय आणि दार आपण उघडले तर दुसरा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी बनावट कार्डांच्या द्वारे कित्येक देशांतून पैसे काढले, काही रक्कम परदेशी खात्यात वळविली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तेथे खातेदारांच्या ठेवींस झळ लागलेली नाही, असे बँकेने सांगितले. मास्तरांना तसे सांगणारे कोणी नव्हते. चार दिवसांच्या मौनाचे मोल यावरून ध्यानी यावे.

म्हणून देवासच्या भगिनींस आमचे पूर्ण उत्तर असे. फायरवॉल विकत घेऊ नका; आहे ती चालू आहे ना, एवढे पाहा. विंडोजच्या 'सिक्युरिटी' या भागात ती दिसते. संगणक सुधारणा मागेल तेव्हा त्या होऊ द्या, 'उद्या पाहू' म्हणू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या प्रोग्रामने जगभर धुमाकूळ घातला, त्यावरील दुरुस्तीही मार्चमध्येच आली होती. यंत्रात विंडोज १० असेल तर तिचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. मुलगा सुट्टीत येईल तेव्हा त्याच्याकडून पुढची व्यवस्था करून घ्या. राऊटरचा मूळ पासवर्ड बदलून घ्या. स्थानकावर किंवा धर्मशाळेत परके वाय-फाय जोडाल तेव्हा संगणकास ते 'सार्वजनिक' आहे असे सांगा. भिंत मग अधिक कडक होते.

हे सर्व झाले शेजारच्या आगीविषयी. पण आज बहुतेक घरे जळतात ती आपल्याच चुलीतील ठिणगीने, आणि तीवर कोणतीही भिंत चालत नाही. कोणाच्या सांगण्यावरून प्रोग्राम उतरवून घेऊ नये. पडद्यावर आलेल्या क्रमांकास फोन करू नये; बँकेचा क्रमांक पासबुकावरून घ्यावा. गुप्त क्रमांक म्हणजे तिजोरीची किल्ली. ती मागणारा कितीही गोड बोलला तरी तो आपला नव्हे. आणि घात झालाच, तर त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर व बँकेस कळवावे.

मंगलाष्टकातील 'सावधान' हा शब्द कानी पडताच रामदास बोहल्यावरून निघून गेले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. फोनवरच्या परक्या माणसाने 'लवकर' किंवा 'कोणास सांगू नका' असे म्हटले की तोच आपला 'सावधान' समजावा आणि बोहल्यावरून उठावे. फोन ठेवणे हा असभ्यपणा नव्हे.

आणखी एक विनंती परगावी राहणाऱ्या मुलांस. आईवडिलांस संगणक द्या. पण त्याबरोबर हेही सांगा की चूक झाली तर आम्ही रागावणार नाही, हसणार नाही, आधी आम्हांस फोन करा. मास्तरांस चार महिन्यांपूर्वी आम्ही भिंत दाखविली. हे एक वाक्य मात्र सांगावयाचे राहिले. ते आम्ही सांगितले असते, तर निदान पहिला फोन तरी त्यांनी आम्हांस केला असता.