झूम हवा, पण खरा!

गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघं भिगवणला गेलो होतो. उजनीच्या पाणफुगवट्यात पट्टकादंबांचा थवा उतरला होता आणि त्यातल्या एकाच्या मानेत रंगीत पट्टा दिसला. संशोधक असे पट्टे बांधतात. त्यावरची अक्षरं वाचून कळवली, की तो पक्षी कुठून आला ते समजू शकतं. अंतर शंभरेक मीटर. नाववाले काका म्हणाले, "आणखी पुढं नाही नेणार, उडतील सगळे."

मैत्रिणीनं तिच्या महागड्या फोनमधून शंभर पट झूम करून फोटो काढला. स्क्रीनवर पीस न् पीस कोरीव! पट्ट्यावरची अक्षरंही ठसठशीत, फक्त ती कुठल्याच लिपीतली नव्हती. माझ्याकडे मामाचा जुना, तीस पट झूमचा कॉम्पॅक्ट कॅमेरा होता. त्यातला फोटो दाणेदार, फिकट, थोडा हललेला. पण तीनपैकी दोन अक्षरं नीट वाचता येत होती.

तेव्हापासून डोक्यात प्रश्न आहे: हातात एवढे भारी फोन असताना २०२६ मध्ये झूमवाला छोटा कॅमेरा घेण्यात अर्थ आहे का?

आधी बाजार बघू. कॅमेरा कंपन्यांची जपानमधली संघटना 'सीपा' दरवर्षी आकडे देते. २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते. २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही खाली होता. फोननं कॉम्पॅक्ट कॅमेरा खाल्ला, हे खरंच आहे. पण २०२४ मध्ये लेन्स न बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांची संख्या पुन्हा वाढली. आपल्याच पिढीला 'डिजिकॅम'चा लूक आवडायला लागला, हे त्यामागचं एक कारण.

याच लाटेत फेब्रुवारी २०२५ मध्ये पॅनासॉनिकनं ल्युमिक्स टीझेड९९ आणला. अमेरिकेत तेव्हा त्याची किंमत सुमारे ५०० डॉलर होती, म्हणजे आपल्या हिशेबानं चाळीस-पंचेचाळीस हजार. खिशात मावेल असा, वजन सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. झूम ३० पट, २४ ते ७२० मिलिमीटर. रॉ फाइल मिळते, स्क्रीन वर वळवून सेल्फीही निघतो.

पण 'नवा' या शब्दाला फसू नका. २०१९ च्या टीझेड९५ मध्येही ३० पटच झूम होता आणि सेन्सरही याच आकाराचा. मोठा बदल चार्जिंगचा: आता यूएसबी-सी आहे. युरोपियन युनियननं २८ डिसेंबर २०२४ पासून कॅमेऱ्यांनाही हे पोर्ट सक्तीचं केलं, तेव्हा तिथं विकायचं तर ते द्यावंच लागतं. आणि एक गोष्ट काढून घेतली, ती म्हणजे डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर. हे मला खटकतं. भर उन्हात स्क्रीनवर काही दिसत नाही आणि ७२० मिलिमीटरला हात जरा हलला तरी पक्षी फ्रेमबाहेर जातो. कॅमेरा डोळ्याला टेकवला, की तो स्थिर राहतो. हौशी फोटोग्राफरला झूमइतकीच याची गरज असते.

दुसरी मर्यादा सेन्सरची. तो जेमतेम सहा बाय साडेचार मिलिमीटरचा. 'एक इंची' म्हणतात त्या सेन्सरचं क्षेत्रफळ याच्या चौपट असतं. शिवाय पूर्ण झूमला लेन्सचं तोंड एफ ६.४ पर्यंत बारीक होतं, म्हणजे झूम न करता जेवढा प्रकाश येतो त्याच्या साधारण चौथा हिस्सा. त्यामुळे दिवसा ठीक, संध्याकाळी पाचनंतर अवघड आणि गॅदरिंगच्या स्टेजसाठी जवळपास बाद.

मग फोन काय वाईट? गणित करून बघा. काही महागड्या फोनमध्ये खरा, लेन्सचा झूम ५ पट असतो. तिथून ३० पटीवर जायचं, तर फोटोच्या मधला छत्तिसावा भाग कापून मोठा करावा लागतो. ५० मेगापिक्सेलमधले दीडसुद्धा उरत नाहीत. बाकीचं सॉफ्टवेअर भरतं. मैत्रिणीचा फोन दुसऱ्या कंपनीचा होता, पण गुगलनं तर ऑगस्ट २०२५ मध्ये पिक्सेल १० प्रो आणताना उघडच सांगितलं, की १०० पटीपर्यंतच्या झूममध्ये जनरेटिव्ह एआय तपशील भरतो. त्याची नोंद फोटोच्या फाइलमध्ये ठेवली जाते, हे चांगलंच. पण तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून चार ठिकाणी फिरल्यावर ती नोंद कोण बघतंय?

छोटा सेन्सरही फोटोवर प्रक्रिया करतोच, नॉइज पुसतोच. फरक एवढाच, की लेन्सनं जे आणलं नाही ते तो शक्यतो धूसर ठेवतो. धूसर दिसलं, की 'नीट दिसलं नाही' हे तरी आपल्याला कळतं. स्टेटससाठी हा फरक शून्य आहे. पण पक्ष्याची नोंद करायची असेल, मोर्चात लांबून काय घडलं ते दाखवायचं असेल, नदीत पाइपातून काय सोडलं जातंय ते टिपायचं असेल, तर हाच फरक महत्त्वाचा ठरतो. उद्या कुणी विचारलं, 'हे खरंच असं होतं का?' तर छातीठोकपणे हो म्हणता आलं पाहिजे.

म्हणून माझा सल्ला असा. फक्त रील आणि ट्रिपचे फोटो हवे असतील, तर पैसे वाचवा, फोन पुरे. दिवसाउजेडी पक्षी, मैदानावरचे सामने किंवा बातमीसाठी लांबचे फोटो हवे असतील, तर असा कॅमेरा घ्या. बजेट कमी असेल, तर व्ह्यूफाइंडर असलेलं जुनं मॉडेल सेकंडहँड शोधा. घेताना झूम पूर्ण बाहेर-आत करून मोटरचा आवाज ऐका आणि आभाळाचा फोटो काढून धुळीचे डाग तपासा. कमी प्रकाशातलंच काम जास्त असेल, तर झूमचा मोह सोडून मोठा सेन्सर बघा.

मामाचा कॅमेरा मी अजून परत केलेला नाही. पुढच्या खेपेला त्या पट्ट्यावरचं तिसरं अक्षरही वाचायचं आहे.