मिस्त्री म्हणा, चालेल!

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आमच्या भाईंदरच्या घरी फराळाला आलेल्या एका गृहस्थांनी मला विचारले, की तुम्ही आयुष्यभर केलेत तरी काय? मी सांगितले, कण आणि किरणोत्सर्ग टिपणारी यंत्रे, म्हणजे डिटेक्टर, बांधण्यात माझी पस्तीस वर्षे गेली. चकलीचा तुकडा मोडीत ते म्हणाले, "म्हणजे नळ्या जोडल्या, तारा ओवल्या. मिस्त्रीच की! मग शोध कोणी लावले?" तेवढ्यात चहा आला म्हणून मी गप्प राहिलो. ते उत्तर वर्षभर मनात आंबले आहे, आज वाढतो.

वाचकहो, एवढे वाचेपर्यंत तुमच्या तळहातातून कितीतरी म्यूऑन आरपार गेले. विश्वकिरण वातावरणावर आदळतात, त्यातून हे कण जन्मतात. ते आमच्या मिठागरांवर पडतात, विरार लोकलच्या टपावर पडतात. ना दिसत, ना टोचत. ते आहेत हे कळते, कारण कोणीतरी नळीत वायू भरला, मधोमध केसासारखी तार ताणली, तिला हजार-दोन हजार व्होल्ट दिले आणि कान देऊन बसला. तार जरा सैल राहिली, वायूत हवा शिरली, की निसर्ग बोलेनासा होतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे, खोटे बोलू लागतो.

कोलारच्या सोन्याच्या खाणीचे उदाहरण घ्या. १९६५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था, ओसाका आणि डरहॅम येथील मंडळींनी जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटरवर यंत्रे मांडली. एवढ्या खोल का? तर वरच्या खडकाने इतर कणांचा गोंगाट अडवावा म्हणून. न्यूट्रिनो मात्र अख्खी पृथ्वी भेदून येतो, आणि क्वचित एखादा खडकात अडखळला की म्यूऑन उडतो. वरून येणारे थोडेफार म्यूऑन वगळून हा आडवा येणारा नेमका सापडावा म्हणून चमकणाऱ्या प्लॅस्टिकच्या भिंती समोरासमोर उभ्या केल्या, मध्ये निऑनच्या नळ्या रचल्या. त्या उकाड्यात महिनोन् महिने राबून नोंदी मिळाल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या! पण वातावरणात जन्मलेला न्यूट्रिनो जगात प्रथम पकडला गेला तो ह्या खाणीत, आणि त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या एका खाणीत. आता भिंत आडवी घालावी की उभी, हा प्रश्न मिस्त्रीचा की शास्त्रज्ञाचा, ते गृहस्थांनीच सांगावे.

दुसरी कथा कडू आहे. बिभा चौधुरी आणि देवेंद्रमोहन बोस यांनी दार्जिलिंगच्या डोंगरांत फोटोच्या काचा ठेवून मेसॉनचे माग टिपले, त्यांचे वस्तुमान मोजण्याची वाटही काढली. युद्धामुळे अधिक चांगल्या काचा मिळेनात. काम तिथेच अडले. युद्धानंतर सुधारलेल्या काचा पॉवेल यांच्या हाती होत्या. १९५० चे नोबेल त्यांना मिळाले, आणि तेही फोटोग्राफीची पद्धत विकसित केल्याबद्दल व तिने लावलेल्या मेसॉनच्या शोधांबद्दल. बुद्धी दोन्हीकडे होती. काच एकीकडेच होती!

"पण उपयोग काय?" हा प्रश्न ठरलेला. भाईंदरच्या कुठल्याही एक्स-रेवाल्याच्या छातीकडे पाहा. तिथे एक छोटा बिल्ला असतो. आत कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. अंगावर पडलेल्या किरणांचा हिशेब त्या साठवून ठेवतात आणि तापवल्या की प्रकाशाच्या रूपाने सांगून टाकतात. (एका ठिकाणी हा बिल्ला मी खिळ्याला टांगलेला पाहिला. खिळ्याची प्रकृती उत्तम असावी.)

माझे भांडण त्या एका गृहस्थांशी नाही. आकडे मांडणारा मोठा आणि हात काळे करणारा धाकटा, ही उतरंड आपण घराघरांत रचली आहे. बारावीच्या प्रयोगवहीत उत्तर आधी लिहायचे आणि मोजमाप त्यावरून मागे बेतायचे, ही चोरी कोणाला चोरी वाटतच नाही. प्रा. भालचंद्र उदगावकर हे कागद-पेन्सिलीचे पदार्थवैज्ञानिक. पण शाळांतल्या विज्ञानासाठी त्यांनी जिवाचे रान केले. आणि आमच्या शाळांतील भिंगांची कपाटे? किल्ली शिपायाकडे, शिपाई रजेवर.

मीही ह्या पापातून सुटलेलो नाही. माझ्या मुलाला दहाव्या वर्षी डाखणीचा नाद होता. घरभर शिशाचे थेंब सांडायचा. "आधी गुण मिळव," म्हणून मी ती डाखणी माळ्यावर टाकली. आज तो चांगल्या पगारावर पडद्यावरचे आकडे हलवतो. फ्यूज गेला तर मला हाक मारतो.

परवा शेजारचा मुलगा आकाशकंदिलात दिवे बसवायला डाखणी मागायला आला. मी माळ्यावरून काढून दिली आणि तार कशी तापवायची तेही दाखवले. त्याचे दहावीचे वर्ष आहे. त्याची आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.