फवारणीची नोंद

दिवाळीच्या सुमारास विदर्भ-मराठवाड्यात कापसाची वेचणी सुरू होते आणि ती मुख्यतः बायकाच करतात. त्याआधीची खुरपणीही त्यांचीच. आता मजूर मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी खुरप्याची जागा तणनाशकाने घेतली आहे. या औषधाचा पोटातल्या बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो का? कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत याचा मोठा शोध घेतला गेला. १९९८ ते २०१० मध्ये जन्मलेली, स्वमग्नतेचे निदान झालेली २,९६१ मुले आणि त्यांच्या दहापट इतर मुले निवडून, गर्भारपणी आईच्या घरापासून दोन किलोमीटरच्या आत काय फवारले गेले, हे संशोधकांनी तपासले. २०१९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापलेल्या निष्कर्षांत, जवळपास ग्लायफोसेट हे तणनाशक फवारले गेले असल्यास स्वमग्नतेची शक्यता सुमारे १६ टक्क्यांनी अधिक दिसली. जोडीला बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांत ३३ टक्क्यांनी.

यावरचे आक्षेप पोकळ नाहीत. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. घराजवळ फवारणी झाली, एवढ्यावरून आईच्या शरीरात किती औषध गेले ते कळत नाही. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. हे सारे मान्य. पण ग्लायफोसेट वनस्पतींतल्या ज्या प्रक्रियेवर घाव घालते ती माणसात नसते, म्हणून ते निर्धोक, हा युक्तिवाद अपुरा वाटतो; अपाय दुसऱ्या वाटेनेही होऊ शकतो. शिवाय ज्या मज्जानलिकेतून मेंदू घडतो ती गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच मिटते. तोवर अनेक बायकांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. गरोदर बाईने फवारलेल्या रानात जाऊ नये, हा सल्ला तेव्हा कुणी कुणाला द्यायचा?

कॅलिफोर्नियात हा प्रश्न विचारता आला, कारण १९९० पासून शेतीतल्या प्रत्येक फवारणीची नोंद तिथे कायद्याने होते. आपल्याकडे शेतावरच्या फवारणीचे असे दप्तर नाही. मग 'इथे पुरावा नाही' याचा अर्थ इतकाच, की कुणी पाहिलेले नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. पण हेच तणनाशक सहन करणारी कपाशी मान्यता नसताना पेरली जाते, हे २०१९ मध्येच अकोल्याच्या शेतकऱ्यांनी उघडपणे दाखवले होते. त्यांची अडचण खरी आहे, आणि आम्ही सरसकट बंदी मागत नाही. गावोगावच्या आशाताई गरोदर बायकांची नोंद ठेवतातच. कृषी खात्याने त्याच गावातल्या फवारणीची तारीख, गट क्रमांक, औषध आणि मात्रा लिहून ठेवावी. आपल्या ग्रामसभेत एवढी मागणी वाचकांनी या हंगामातच करावी.