अस्र ते मगरिब

परभणीकडच्या एका वाचक बहिणीचे पत्र आले आहे. मुलगा सातवीत आहे. शाळेतून आला की दप्तर टाकतो आणि कबड्डीच्या मैदानावर पळतो. शिकवणी बुडते, गुडघे फुटतात, कपडे धुऊन धुऊन अम्मीचे हात दुखतात. त्याला थांबवावे का, असे त्यांनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी, जणू सहजच, आणखी एक ओळ आहे: धाकटी मुलगीही मागे लागली आहे, पण तिचा प्रश्नच येत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्याच दिवशी लिहू शकलो असतो. त्या शेवटच्या ओळीमुळे मात्र पत्र पंधरा दिवस टेबलावर पडून राहिले.

आमचे केदारखेडा भोकरदन तालुक्यातले. राजूरचा गणपती मागे टाकून भोकरदनकडे निघाले की लागते. कपाशी, मका, मिरचीचा हा भाग. आमच्या मैदानाला ना कुंपण ना पगारी प्रशिक्षक. मोकळी जागा आहे, आणि अस्रच्या नमाजनंतर तिथे येणारी तीन मोठी माणसे आहेत. एक एस.टी.तून निवृत्त झालेले वाहक, त्यांना सगळे नाना म्हणतात. दुसरे शिलाईकाम करणारे आमचे चाचा. तिसरे आम्ही. नानांना कबड्डी येते, चाचांना मुले सांभाळता येतात आणि आम्हाला अर्ज लिहिता येतात. तिघांत मिळून एक प्रशिक्षक होतो, असे आम्ही समजतो.

कबड्डीला काय लागते, चार माणसे आणि एक दम, असे लोकांना वाटते. खरे तर आधी माती लागते. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यात पाय अडकला की घोटा गेलाच. पावसाळ्यात तीच माती तळपायाला जाड थरांनी चिकटते. म्हणून दरवर्षी मऊ माती आणायची, चाळायची, पाणी मारून दाबायची. मुले एका रांगेत बसून खडे वेचतात. मग फक्कीने रेषा. पुरुषांचे मैदान 13 बाय 10 मीटर, मुलींचे 12 बाय 8. मध्यरेषेपासून निदानरेषा पुरुषांना 3.75 मीटरवर, मुलींना 3 मीटरवर. कोपरा काटकोनात यावा म्हणून दोरीवर 3, 4 आणि 5 मीटरच्या खुणा करून त्रिकोण ताणायचा. वर्गात पायथागोरसचा सिद्धांत शिकवताना ज्याचे डोळे मिटत होते, तोच मुलगा दोरीचे टोक धरून ओरडत होता, "सर, अजून दोन बोटं आत घ्या, तिरकं होतंय!" शिकवणी बुडते म्हणणाऱ्या पालकांना आम्ही हा किस्सा सांगतो. ते हसतात, पण पटलेले नसते.

नानांचा नियम असा की पहिला महिना चढाई नाही. आधी पडायला शिकायचे. खांद्यावर कसे पडायचे, हात मागे टेकायचा नाही, हनुवटी छातीला. नवीन मुलांना याचा भयंकर कंटाळा येतो आणि तीनचार तरी सोडून जातात. मग पकड: घोटा, मांडी, कंबर. आणि मग साखळी. साखळी म्हणजे दोन बचावपटूंनी एकमेकांचा हात घट्ट धरून चढाईपटूला अडवायचे. कोपऱ्यावरच्या पोराने घोटा धरला आणि साखळी वेळेत पोहोचली नाही, तर तो एकटाच मध्यरेषेपर्यंत फरफटत जातो. गावात कधी कधी मने बिघडलेली असतात. कुठे झेंड्यावरून, कुठे मोबाईलवर आलेल्या कसल्याशा चित्रावरून. अशा दिवशीही साडेपाच वाजता साखळी करावीच लागते, आणि शेजारच्याचा हात धरल्याशिवाय ती होत नाही. आम्ही यावर मुलांना कधी भाषण दिलेले नाही.

वजनगटांबद्दल मात्र एक गोष्ट पालकांनी ऐकावी. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मुले वजनात बसण्यासाठी जेवत नाहीत, पाणी पीत नाहीत, उन्हात स्वेटर घालून पळतात. एका वर्षी आमचा एक मुलगा असाच वजनात बसला आणि सामन्यात चक्कर येऊन पडला. तो उपाशी आहे हे आम्हाला माहीत होते. तेव्हापासून ठरवले, वजनात बसत नसेल तर बाहेर बसून गुण लिहील. रमजानमध्येही रोजेदार मुलांना पळवत नाही. ती त्या महिन्यात पंच होतात, शिट्टी त्यांच्या हातात असते, आणि त्याचा त्यांना रोजाच्या भुकेपेक्षा जास्त नशा चढतो. नाना त्या महिन्यात मैदानावर पाणी पीत नाहीत. त्यांना तसे कोणी सांगितलेले नाही.

महाराष्ट्रात कबड्डी अशीच वाढली, मंडळांमधून. मुंबईच्या गिरणगावात दिवसपाळी करून आलेले कामगार संध्याकाळी चाळीपुढच्या मातीत उतरत. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ जगाला दाखवला. बुवा साळवींसारख्यांनी आयुष्य त्यात घातले आणि 1990 मध्ये बीजिंगला तो आशियाई स्पर्धांत पोहोचला. कुस्तीचेही तसेच. कोल्हापूरच्या तालमींत मोहर्रमचे पंजे बसतात, आणि ते बसवणारे बहुतेक हिंदू पैलवान असतात. तालीम ही कुस्तीइतकीच पेठेची जागा असते.

युरोपातल्या आयर्लंडमध्ये हेच चित्र फार मोठ्या प्रमाणावर दिसते. तिथे गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे देशी खेळ आहेत. हर्लिंग म्हणजे लाकडी दांड्याने चेंडू टोलवायचा अतिशय वेगवान खेळ. या खेळांची संघटना 1 नोव्हेंबर 1884 रोजी थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात स्थापन झाली. तिचा पाया म्हणजे पॅरिशचा क्लब. एका चर्चच्या परिसरातली वस्ती म्हणजे पॅरिश; आपल्याकडे एका मशिदीचा मोहल्ला म्हणावा तसे. जिथे राहतो, त्या वस्तीसाठी खेळायचे. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये 80 हजारांवर प्रेक्षक बसतात, पण त्यांच्यासमोर खेळणाऱ्यांना पगार नसतो. सोमवारी तो खेळाडू पुन्हा शाळेत शिकवायला, नाहीतर गोठ्यात गाई पाहायला जातो. आणि संध्याकाळी क्लबच्या मैदानावर लहान मुलांना शिकवायला असतात कोण? कोणाचे तरी अब्बू, कोणाची तरी मावशी.

याच क्रोक पार्कवर 21 नोव्हेंबर 1920 रोजी सामना चालू असताना इंग्रजांच्या सशस्त्र दलाने गर्दीवर गोळ्या झाडल्या आणि 14 जण मारले गेले. आयरिश माणसासाठी ती जमीन काय असेल, याची कल्पना आपल्याला जालियनवाला बागेमुळे करता येते. 31 जुलै 2020 रोजी, कोरोनामुळे मशिदीत अंतर ठेवून इतक्या लोकांना उभे राहता येईना तेव्हा, त्या संघटनेने हे मैदान ईद-उल-अजहाच्या नमाजसाठी उघडून दिले. सुमारे 200 लोकांनी त्या हिरवळीवर जानमाज अंथरली. एखादा समाज परका राहतो की आपला होतो, हे अशा जागांवर बरेच ठरते. मेयो या परगण्याच्या 21 वर्षांखालील संघाने 2016 साली अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवले, तेव्हा त्या संघात पाकिस्तानात जन्मलेला शैरोझ अक्रम हा मुलगा होता. तोही आधी गावच्या क्लबातूनच वर आला.

आता ती शेवटची ओळ.

त्याच 2016 साली आमच्या मैदानावर आठवीतली एक मुलगी होती. नाव लिहीत नाही. उजव्या कोपऱ्यावर तिच्यासारखी पकड आमच्या मुलांतही कोणाची नव्हती. ती स्कार्फ बांधून खेळायची. तालुक्याच्या स्पर्धेआधी आम्ही तिला बाजूला घेतले आणि म्हणालो, "बेटी, स्कार्फ घालून खेळू देणार नाहीत. पिना समोरच्या मुलीला टोचतील. काहीतरी एक ठरव." ती "जी सर" म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

कोणी विचारले की आम्ही सांगायचो, घरच्यांनी बंद केले. ते खोटे होते. आम्ही एकाही पंचाला विचारले नव्हते, नियमांचे पुस्तक उघडले नव्हते. घरच्यांनी नाही, आम्हीच बंद केले होते.

24 ऑगस्ट 2018, शुक्रवार. जकार्ताला आशियाई स्पर्धांत महिला कबड्डीचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. 2010 आणि 2014 चे सुवर्ण आपल्या मुलींचे होते. यावेळी 27-24 असा इराण जिंकला. भारत हरल्याचे वाईट वाटले, हे आधी सांगतो. पण आम्ही पाहत होतो ते त्या इराणी मुलींची डोकी. सातही जणींची झाकलेली. घट्ट, ताणले जाणारे कापड, पिना नाहीत. पडत होत्या, घोटे धरत होत्या, उठत होत्या. आणि त्यांच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. महाराष्ट्रातल्या एका बाईंनी दूरच्या देशात जाऊन, डोके झाकलेल्या मुलींना सुवर्णपदकापर्यंत नेले होते. केदारखेड्यातल्या एका उर्दू-मराठीच्या मास्तराला मात्र आपल्याच मोहल्ल्यातली मुलगी मैदानावर ठेवता आली नव्हती.

त्या संध्याकाळी आम्ही चाचांना पिनांचे विचारले. त्यांनी बनियनच्या होजिअरी कापडाचा, डोक्यावरून ओढून घ्यायचा स्कार्फ अर्ध्या तासात शिवून दिला. दोन वर्षे आम्ही रोज एका शिंप्याच्या शेजारी उभे होतो आणि त्याला विचारले नव्हते.

तो घेऊन तिच्या घरी गेलो. अम्मी दारात आल्या. "सर, ती रोज संध्याकाळी गच्चीवरून मैदान बघत बसायची," एवढेच म्हणाल्या. मुलगी तेव्हा दहावीत होती. माफी मागितली, ती नुसती हसली. परत काही आली नाही. स्कार्फ मात्र ठेवून घेतला आणि पुढच्या जूनमध्ये तिची धाकटी बहीण तो घालून आली.

आज मैदानावर अकरा मुली येतात. त्यांतल्या चार आपल्या मोहल्ल्यातल्या. विरोध झाला नाही असे नाही. काही बुजुर्गांनी नापसंती सांगितली. तेव्हा इमामसाहेबांनी नमाजनंतर शांतपणे हजरत आयशा (रजि.) आणि प्रेषित (स.) यांच्या शर्यतीची हदीस सांगितली, पहिल्यांदा कोण जिंकले तेही सांगितले आणि विषय संपवला. आम्हीही काही गोष्टी पाळतो. मुलींचा सराव वेगळ्या मैदानपट्टीवर होतो, आयांपैकी एकजण आळीपाळीने काठावर बसते, आणि मगरिबच्या अजानआधी प्रत्येक मुलगी घरी पोहोचलेली असते. स्पर्धेआधी स्कार्फबद्दल आयोजकांना लेखी विचारून परवानगी घेतो. ते काम अर्थातच आमचे.

नोकरीचे काय, हा प्रश्न बाप विचारतोच. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी फार वरपर्यंत खेळून पदक आणावे लागते. शंभरात एखादाही तिथे पोहोचत नाही, म्हणून त्या आशेने कोणी मूल पाठवू नये. मराठवाड्यातल्या मुलीला जमत नाही असेही मानू नये. धाराशिवची सारिका काळे खो-खोमध्ये भारताची कर्णधार झाली आणि 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

तेव्हा परभणीच्या बहिणीला आमचे उत्तर असे. मुलाला थांबवू नका, शिकवणी मगरिबनंतर लावा. मैदानावर कोण शिकवतो ते एकदा स्वतः जाऊन पाहा. मुलांना शिव्या देणारा असेल तर दुसरे मैदान शोधा. मुलीला विचारा, ती संध्याकाळी कुठे उभी राहून मैदान बघते. स्कार्फ होजिअरी कापडाचा शिवून घ्या. आणि पाठवताना दोघांचीही नखे कापून पाठवा, पंच तपासतात.